मॅनेजर कधी ठेवावा? खेड्यातून चॅनल चालवणाऱ्यांसाठी

पऱ्हाटी_सात (धागाकर्ता)

शेतीचं चॅनल, वर्धा जिल्ह्यातलं खेडं. यूट्यूबवर ८२ हजार, इन्स्टावर ४६ हजार. आठवड्याला दोन मोठे व्हिडिओ, चार-पाच रील. शूटिंग, एडिटिंग, मेसेज, बिलं, सगळं दोघा भावांवर. जाहिरातींचे महिन्याला सरासरी ४० हजार येतात, खरिपाच्या तोंडावर जास्त.

सध्या दोन प्रस्ताव आहेत. एक मुंबईच्या एजन्सीचा: २५ टक्के कमिशन, दोन वर्षांचा करार, सगळी कामं त्यांच्यामार्फतच. दुसरा तालुक्यातल्या एका मुलाचा: १२ हजार पगारावर सगळं बघतो म्हणतो. प्रश्न एवढाच की आत्ता मॅनेजर ठेवायचा का? साधारण किती फॉलोअरला ठेवतात? जाणकारांनी आकड्यांत सांगावं.

---

वऱ्हाडी_ठेचा

फॉलोअरचा आकडा कायले पाहता भाऊ? तीन लाख फॉलोअरवाल्याले महिन्यात दोनच फोन येतात अन् पन्नास हजारवाल्याले वीस. मॅनेजर फॉलोअर सांभाळत नाही, तो सौदे सांभाळते. मोजाचे तर सौदे मोजा.

एक वही करा. आठ आठवडे, आलेली प्रत्येक विचारणा एका ओळीत: तारीख, कोण, कोणता माल, किती पैसे म्हणाला, उत्तर किती तासांनी गेलं, पुढं काय झालं. मग त्यातला कचरा काढा. 'फुकट माल देतो, व्हिडिओ टाका' हा कचरा. जीमेलवरून आलेलं, कंपनीचं नाव नसलेलं, बजेट विचारलं की गायब होणारं, हा बी कचरा. राहिलेल्या खऱ्या विचारणा. त्यातल्या किती निव्वळ उत्तर उशिरा गेलं म्हणून हातच्या गेल्या, तेवढा आकडा काढा. मॅनेजरची गरज त्याच्यातच दिसते.

आठ आठवड्यात अशा दोन असतील तर मॅनेजर नाही, मोबाईलात तयार उत्तर पाह्यजे. आठ-दहा असतील तर बोला.

अन् आठ आठवडे कोणते, ते बी पाहा. बियाणेवाल्याचे पैसे मे-जूनमध्ये सुटतात, फवारणीवाल्याचे जुलै ते सप्टेंबर, ट्रॅक्टर-अवजारं दसरा-दिवाळीले. मे महिन्याची वही पाहून माणूस ठेवसान तर जानेवारीत त्याले काम काय देसान?

---

हिशेबनीस

ठेचाभाऊंची वही बरोबर आहे. तिला हिशेब जोडतो.

कमिशन दिल्यावर निव्वळ पूर्वीएवढंच हातात यायला उत्पन्न किती वाढावं लागतं? १५ टक्के कमिशनला साधारण १८ टक्के वाढ. २० टक्क्यांना २५. २५ टक्क्यांना ३३.

एजन्सी जीएसटीत नोंदलेली असणार, म्हणजे तिच्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी तुमच्याकडूनच जाणार. तुमची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत आणि जीएसटी नोंदणी नसेल, तर त्या जीएसटीची वजावट तुम्हाला मिळत नाही. म्हणजे २५ टक्के प्रत्यक्षात साडेएकोणतीस. ४० हजारांचे हातात उरतात २८,२००. पुन्हा ४० हजारांवर यायला एजन्सीने महिन्याला जवळजवळ ५६,७५० ची कामं आणली पाहिजेत, आणि तोवर तुमच्या खिशात एक रुपयाही जास्त येत नाही. प्रस्ताव देणाऱ्याला हाच प्रश्न विचारा: तुम्ही ही वाढ कुठल्या कंपन्यांकडून आणणार, त्यांची नावं सांगा. शेतीतल्या चार कंपन्यांची नावंसुद्धा सांगता आली नाहीत तर ओळखून घ्या.

(२० लाखांची मर्यादा मोजताना यूट्यूबचे परदेशातून येणारे पैसेही उलाढालीत धरतात. निर्यात म्हणून त्यावर कर शून्य असला तरी बेरजेत ते येतात. हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.)

दुसरी बाजू मॅनेजरची. तुमच्या ४० हजारांवर १५ टक्के म्हणजे त्याला महिन्याला ६ हजार. तेवढ्यात कुणी पूर्ण वेळ देणार नाही. तो आणखी दहा चॅनल घेईल आणि तुमचं सगळ्यात खाली राहील. माझं मत: जाहिरातींचं उत्पन्न सलग दोन हंगाम महिन्याला लाखाच्या आसपास टिकलं की कमिशनवाला माणूस तुमच्याकडे नीट लक्ष देतो. त्याआधी टक्केवारी दोघांनाही परवडत नाही.

---

धुऱ्यावरचा

आपल्याकडं शेत करायला देण्याच्या तीन रीती आहेत, त्याच इथं लावून पाहा म्हणजे डोक्यात बसेल.

सालदार ठेवला: पीक येवो न येवो, ठरलेलं द्यावं लागतं. तो १२ हजारवाला मुलगा म्हणजे सालदार. जानेवारीतही १२ हजार.

बटई: पिकलं त्यात वाटा. हा कमिशनवाला मॅनेजर. जोखीम त्याचीही.

ठोका: एकरकमी ठरवून देणं. एखाद्या हंगामापुरतं, एखाद्या कामापुरतं. 'खरिपाच्या चार महिन्यांत बियाणे-खताच्या कंपन्यांशी बोलणी तू कर, इतके घे.' हा पर्याय कुणी विचारातच घेत नाही आणि तुमच्या आकड्याला हाच बसतो.

बटईत कुठं भांडण होतं ते सगळ्यांना माहीत आहे: खर्च कुणी करायचा, आणि वाटा खर्च काढून की न काढता. इथंही तेच. समजा चॅनल जीएसटीत आहे, सौदा ६० हजारांचा, वर जीएसटी १०,८००, बिल ७०,८०० चं. कंपनीने १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर) ६० हजारांवर कापला, म्हणजे ६ हजार. खात्यात आले ६४,८००. शूटिंगला गाडी, ड्रोन, मजूर मिळून खर्च १५ हजार. आता २० टक्के कशावर?

बिलावर धरले तर १४,१६०. मूळ रकमेवर १२,०००. खर्च वजा करून ९,०००. एकाच सौद्यात पाच हजारांचा फरक, आणि करारात नुसतं 'वीस टक्के' लिहिलेलं असतं. जीएसटी सरकारचा पैसा आहे, त्यावर कमिशन देण्याचं काही कारण नाही. टीडीएस मात्र तुमच्याच नावावर जमा होतो, तो उत्पन्नातच धरायचा.

---

रोडगे_वांगं

सगळं पैशावरच चाललंय म्हणून एक मुद्दा. स्वयंपाकाचं किंवा बायकांनी चालवलेलं चॅनल असेल तर सौद्यांच्या आधी मेसेजचा प्रश्न येतो. बायोत स्वतःचा नंबर टाकला की दिवसरात्र फोन, आणि त्यातले निम्मे कामाचे नसतात. त्यासाठी मॅनेजर लागत नाही, वेगळं सिम आणि वेगळा ईमेल लागतो. बायोत फक्त ईमेल. नंबर द्यायचाच तर व्हॉट्सॲप बिझनेसचा, त्यावर आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवायचं:

'नमस्कार. जाहिरातीसाठी कृपया कंपनीच्या ईमेलवरून पुढील माहिती पाठवा: उत्पादन, व्हिडिओ की रील, कधी हवं, अंदाजे बजेट, व्हिडिओ तुम्ही तुमच्या जाहिरातीत वापरणार का आणि किती दिवस. दोन दिवसांत उत्तर मिळेल.'

एवढ्या पाच प्रश्नांनी बहुतेक फुकटे आपोआप गळतात. शेवटचा प्रश्न मुद्दाम आहे. व्हिडिओ तुमच्या चॅनलवर टाकणं एक, आणि कंपनीने तुमचा चेहरा तीन महिने स्वतःच्या जाहिरातीत फिरवणं वेगळं. दुसऱ्याचे वेगळे पैसे घ्यायचे. 'कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत' असं लिहिलेलं दिसलं की तो शब्द खोडून तिथं दिवस लिहायचे.

आणि मिक्सर, कुकर, शेगडी असा माल येतो, त्याबद्दल: एका कंपनीकडून वर्षात २० हजारांपेक्षा जास्त किमतीचा माल ठेवून घेतला तर त्यावरही १० टक्के टीडीएस लागतो. जुलै २०२२ पासून हा नियम आहे. शूटिंग करून माल परत केला तर लागत नाही. परत केल्याची पावती जपून ठेवा.

---

पऱ्हाटी_सात

खूप आभार. वही मागच्या मेसेजवरून मागे जाऊन भरली. आठ आठवड्यांत ६१ विचारणा, त्यात खऱ्या १७, उशीर झाल्याने गेलेल्या ४. वेळ मोजला तर आठवड्याला एडिटिंग २२ तास, मेसेज आणि बोलणी ५ तास, बिलांच्या मागे लागणं २ तास.

---

वऱ्हाडी_ठेचा

मंग उत्तर तुमच्या आकड्यातच आहे राजेहो. २२ तास एडिटिंग खाऊन रायलं अन् तुम्ही माणूस पाहून रायले ५ तासाच्या कामाले! त्या १२ हजारवाल्या पोराले एडिटिंग येते का ते पाहा. येत असन तर पगार नका देऊ, व्हिडिओमागं ठरवा. येत नसन तर दुसरा पाहा. पह्यले एडिटर, मंग हिशेबाले सीए, मॅनेजर त्याच्या मागून.

---

हिशेबनीस

सहमत. क्रम बहुतेकांचा उलटा होतो. एजन्सी स्वतः फोन करते, तर एडिटर आपल्याला शोधावा लागतो. म्हणून आधी मॅनेजर येतो आणि कामाचा भार तेवढाच राहतो, उलट वाढतो. सौदे जास्त आणि एडिटिंग करणारे तेच दोघे, मग व्हिडिओ उशिरा जातात आणि कंपनी पैसे अडकवते.

पैसे अडकण्यावरून: ६०, ९० दिवस वाट पाहायला लावतात म्हणून पुष्कळांना मॅनेजर हवा असतो. त्याआधी उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी नोंद) करा. आधार आणि पॅनवर सरकारी पोर्टलवर होते, फी शून्य. कुणी पैसे मागितले तर तो दलाल. नोंदणी सौद्याच्या आधीची हवी आणि नंबर प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. शिवाय मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा दाखवता येत नाही. ही तरतूद आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आहे आणि मार्च जवळ आला की हिशेब खात्याला बरोबर आठवते. फेब्रुवारीत आठवण करणारा एक ईमेल, उद्यम नंबरासकट. नाहीच दिले तर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार.

निम्मे पैसे आधी हा नियम मात्र स्वतःच पाळायचा. ते मॅनेजरही तुमच्यासाठी भांडून घेईलच असं नाही, त्याला त्या कंपनीकडून पुढची दहा कामं हवी असतात.

---

धुऱ्यावरचा

हिशेबनीस यांच्या शेवटच्या ओळीवरून. बाजार समितीत २०१६ पासून अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही, खरेदीदाराने द्यायची. या धंद्यात दोन्हीकडून अडत घेणारे आहेत. कंपनीने ८० हजार मंजूर केलेले, तुम्हाला सांगितलं ५०, आणि त्या ५० वर पुन्हा २५ टक्के. मधले ३० कुठं गेले ते तुम्हाला कळतही नाही.

यावर उपाय एकच: कंपनीची ऑर्डर तुमच्या नावाने, बिल तुमचं, पैसे थेट तुमच्या खात्यात, आणि मॅनेजरला तुम्ही कमिशन द्यायचं. बोलणीच्या प्रत्येक ईमेलवर तुमचा पत्ता असलाच पाहिजे. 'आमच्या पद्धतीत पैसे आधी आमच्याकडे येतात' असं म्हणाले तर कंपनीच्या ऑर्डरची प्रत मागा. ती द्यायला टाळाटाळ झाली तर सही करू नका.

पुढं कधी करार केलात तर त्यात ही ओळ असू द्या, वकिलाकडून नीट करून घ्या:

'कमिशन फक्त व्यवस्थापकाने आणलेल्या आणि निर्मात्याने लेखी मंजूर केलेल्या जाहिरात-व्यवहारांवर, जीएसटी व निर्मितीखर्च वजा जाता, रक्कम निर्मात्याच्या खात्यात प्रत्यक्ष जमा झाल्यापासून ७ दिवसांत देय राहील. यूट्यूबचे जाहिरात-उत्पन्न व निर्मात्याकडे थेट आलेली कामे यात धरली जाणार नाहीत.'

मुदत पहिल्यांदा सहा महिने, सोडायला ३० दिवसांची नोटीस. करार सुरू मार्च-एप्रिलमध्ये करा. ऑक्टोबरात केला तर सहा महिने रब्बीच्या किरकोळ कामांत जातील आणि माणूस कामाचा आहे की नाही हे कळणारच नाही. करार संपल्यावरची अडतही बघा: त्याने आणलेल्या कंपनीचं काम पुढं चालू राहिलं तर तीन महिने कमिशन देणं रास्त आहे, 'कायम' लिहिलं असेल तर नाही. तुमच्या वतीने सही करण्याचा अधिकार देऊ नका. वाद मुंबईच्या लवादाकडे जाणार असं लिहिलेलं असतं, तिथं आपला जिल्हा लिहायला सांगा. वर्ध्याहून मुंबईला तारखांना जाणं परवडत नाही हे त्यांना चांगलं माहीत असतं. महाराष्ट्रात आता ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो, जुना १०० चा चालत नाही.

---

कुलूपकिल्ली

माणूस कोणीही ठेवा, पासवर्ड देऊ नका.

यूट्यूब स्टुडिओत सेटिंग्ज, परमिशन्स, तिथून इन्व्हाइट. एडिटरला 'एडिटर (लिमिटेड)' द्या: व्हिडिओ चढवता येतो, उत्पन्नाचे आकडे दिसत नाहीत. बोलणी करणाऱ्याला फक्त आकडेवारी लागते, त्याला 'व्ह्यूअर (लिमिटेड)' पुरतं. यादीत 'मॅनेजर' नावाचीही भूमिका आहे, नाव बघून तीच दिली जाते. ती मिळाली की तो दुसऱ्यांना आत घेऊ शकतो, काढू शकतो. ती देऊ नका. इन्स्टासाठी मेटाच्या बिझनेस सेटिंग्जमधून मेसेज आणि इनसाइट्सपुरती परवानगी देता येते. कंपनीला तुमच्या पोस्टची जाहिरात चालवायची असेल तर त्या एकाच पोस्टचा पार्टनरशिप कोड द्या, पूर्ण खातं जोडून देऊ नका.

आता सगळ्यात जास्त चॅनल ज्याने जातात ते. ईमेल येतो, भाषा व्यवस्थित, पैसे भरपूर, सोबत झिप फाइल आणि तिचा पासवर्ड ईमेलातच लिहिलेला. आत 'करार.पीडीएफ.एससीआर'. शेवटचं एससीआर विंडोजमध्ये पुष्कळदा दिसतच नाही, पीडीएफ म्हणून डबल क्लिक होतं. फाइल मुद्दाम काहीशे एमबीची फुगवलेली असते, म्हणजे अँटीव्हायरस तपासत नाही. ती ब्राउझरमधलं चालू लॉगिनच उचलून नेते. त्यामुळे ओटीपी लावलेला असूनही उपयोग होत नाही. तासाभरात चॅनलचं नाव बदलतं आणि क्रिप्टोचं लाइव्ह सुरू होतं.

म्हणून: बाहेरून आलेले करार मोबाईलवर किंवा गुगल ड्राइव्हच्या प्रिव्ह्यूमध्येच बघा. चॅनलची मालकी ज्या जीमेलवर आहे ते ज्या लॅपटॉपवर चालू आहे त्यावर जाहिरातींचा ईमेल उघडू नका. नवीन माणूस नेमका हाच ईमेल हाताळणार, त्याला पहिल्या दिवशी हे शिकवा.

---

वऱ्हाडी_ठेचा

शेतीवाल्या चॅनलले एक जास्तीचं. कमिशनवाला माणूस सौदा 'आणाच्या' घाईत असते, 'नाही' म्हणाचं काम तुमचंच. काय घ्याचं नाही ते आधी कागदावर लिहून त्याच्या हातात द्या.

चोरबीटी पह्यली. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीले देशात मंजुरीच नाही, मंजुरी बोंडअळीवरच्या बीटी कपाशीलेच आहे, जशी बोलगार्ड (२००२) अन् बोलगार्ड-दोन (२००६). पाकिटावर पुष्कळदा कंपनीचं खरं नाव बी नसते. कितीही पैसे देवोत, नाही म्हणा. कीटकनाशकाच्या व्हिडिओत लेबलवर ज्या पिकासाठी अन् जेवढ्या मात्रेत लिहिलं तेवढंच बोला. कंपनीचा माणूस शूटिंगच्या वेळी 'दोन औषधं मिसळून मारा' म्हणीन, ते त्याच्या तोंडून बी व्हिडिओत घेऊ नका अन् तुम्ही तर बोलूच नका. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीनं विषबाधा होऊन मजूर-शेतकरी दगावले. मास्क-हातमोज्याशिवाय फवारणीचा शॉट घेऊच नका, मंग कंपनी काही म्हणो. पैशाच्या गेमिंग ॲपची जाहिरात बी बंद: २०२५ च्या कायद्यात जाहिरात करणाऱ्याले दोन वर्षापर्यंत कैद किंवा ५० लाखापर्यंत दंड आहे, दोन्ही बी होऊ शकते.

---

रोडगे_वांगं

त्यातच 'जाहिरात' लिहिण्याचं घ्या. मॅनेजर हमखास म्हणतो, लेबल नका लावू, रीच पडते. लेबल व्हिडिओच्याच भाषेत हवं. १५ सेकंदांपर्यंतच्या रीलवर किमान ३ सेकंद, दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओवर एक तृतीयांश वेळ, त्याहून मोठ्यात त्या मालाबद्दल बोलणं चालू आहे तोवर पूर्ण. कॅप्शनमध्ये वरच, 'आणखी' दाबावं लागेल असं खाली नको. खोट्या-फसव्या दाव्याचा दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि तो चेहरा दाखवणाऱ्यालाही लागू शकतो. त्यातले २५ टक्के मॅनेजर भरणार नाही.

---

पऱ्हाटी_सात

ठरलं ते लिहितो. एजन्सीला दोन वर्षांचा नकार कळवला. सहा महिने, सोबत दुसरी कामं घ्यायची मोकळीक, पैसे थेट खात्यात, एवढं मान्य असेल तर मार्चमध्ये बोलू असं लिहिलं. त्या मुलाला तीन व्हिडिओ एडिटिंगला दिले आहेत. उद्यम नोंदणी झाली.

एकच शंका. बोलणीचे ५ तास अजून आमच्याकडेच आहेत. ते कमी कसे करायचे?

---

धुऱ्यावरचा

दरपत्रक करा. एका पानावर: मोठ्या व्हिडिओत दोन मिनिटं, पूर्ण व्हिडिओ, रील, कंपनीने महिनाभर जाहिरातीत वापरणं, हंगामभर दुसऱ्या बियाणे कंपनीचं काम न घेणं, या प्रत्येकाचा वेगळा दर. वर मागच्या ९० दिवसांचे स्टुडिओतले आकडे: सरासरी व्ह्यूज, आणि कोणत्या शहरांत पाहतात. शेतीच्या कंपन्यांना सब्स्क्राइबरपेक्षा अमरावती, यवतमाळ, अकोला, नांदेड हे आकडे जास्त कामाचे. घासाघीस कुठवर चालेल ती खालची रक्कम दोघा भावांनी वहीत लिहून ठेवा, पानावर नको. शेतकरी गट किंवा कृषी विज्ञान केंद्राचं काम असेल तर फुकट की खर्चावर, तेही आधी ठरवा, नाहीतर त्याच बोलण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो.

---

वऱ्हाडी_ठेचा

अन् आठवड्यातून दोनच दिवस ठरवा, मंगळवार अन् शुक्रवार, संध्याकाळी सात ते आठ. बाकी वेळ ते तयार उत्तर जाऊ द्या. लाईन गेली तर बुधवारी.